हार्वर्डच्या भिंतीवर कोणाची नावं?

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की त्यांना हार्वर्ड दाखवावंच लागतं. तुम्ही इथे राहत असाल तर ही फेरी तुम्हाला पाठ असेल. लाल रेषेच्या मेट्रोने हार्वर्ड स्क्वेअरला उतरायचं, फाटकातून आत शिरायचं, जॉन हार्वर्डच्या पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो काढायचा. त्या पुतळ्याच्या तीन थापा सांगायच्या: हा चेहरा जॉन हार्वर्डचा नाही, तो संस्थापक नव्हता आणि खाली कोरलेलं १६३८ हे सालही चूक, कॉलेज १६३६ चं. पाहुणे हसतात. मग वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून सँडविच खायचं आणि घरी यायचं.

मी इथे पोस्टडॉक आहे, प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम करते. इतिहास हा माझा विषय नाही. पण या आवारातली दोन युद्धस्मारकं मला गेली चार वर्षं सोडत नाहीत, आणि त्याला कारण माझे बाबा. ते ऑक्टोबरमध्ये आले होते. सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेला माणूस. दिसेल ती पाटी थांबून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. बुटाला हात लावायला त्यांनी नकार दिला ("दुसऱ्याच्या पायाला हात लावायचा तर निदान माणूस खरा पाहिजे"), म्हणून मी त्यांना नेहमीच्या फेरीत नसलेल्या जागी नेलं.

आवाराच्या उत्तरेला, रस्त्यापलीकडे, मेमोरियल हॉल आहे. लाल विटांची, चर्चसारखी दिसणारी प्रचंड इमारत. एका बाजूला पहिल्या वर्षाच्या मुलांचा जेवणाचा हॉल, दुसऱ्या बाजूला सँडर्स थिएटर. सँडर्समध्ये तुम्ही एखादी मैफल ऐकली असेल तर तिकीट दाखवून आत जाताना एका उंच, अंधाऱ्या मार्गिकेतून गेला असाल. तीच खरी इमारत. बाकी सगळं तिला जोडलेलं आहे. गडद अक्रोडी लाकडात बसवलेले २८ संगमरवरी फलक, त्यांवर १३६ नावं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, उत्तरेच्या बाजूने लढून मेलेले हार्वर्डचे विद्यार्थी. नावाखाली मृत्यूची तारीख आणि ठिकाण. अँटिटम, गेटिसबर्ग, फोर्ट वॅगनर. युद्ध संपताच माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, १८७० मध्ये पायाभरणी झाली, १८७४ मध्ये ही मार्गिका समर्पित झाली. वेअर आणि व्हॅन ब्रंट हे दोघं वास्तुविशारदही हार्वर्डचेच.

बाबांनी सगळे फलक वाचले. अर्धा तास लागला. मधून जेवायला जाणारी अठरा वर्षांची मुलं कानात हेडफोन घालून, हातात ट्रे घ्यायच्या घाईत त्या नावांमधून येत-जात होती. त्यातल्या बऱ्याच नावांचं वयही मरताना फार मोठं नव्हतं. शेवटी बाबा म्हणाले, "लढाई भावाभावांत झाली ना? मग दुसऱ्या भावाची पोरं कुठं आहेत?"

हा प्रश्न या इमारतीला पूर्वीही विचारला गेला आहे. युद्धाआधी दक्षिणेतल्या धनिक मळेवाल्यांची मुलं शिकायला इथे येत. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली, त्याचा एक मुलगा हार्वर्डला होता, हेन्री अ‍ॅडम्सच्या बरोबरीने. तो वाचला, पण दक्षिणेच्या गणवेशात मेलेले हार्वर्डचे विद्यार्थी पुष्कळ होते. भिंतीवर त्यांच्यापैकी एकही नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्यासाठीही पाटी लावावी असा प्रस्ताव आला, विरोध झाला आणि तो बारगळला.

येलमध्ये हे वेगळं आहे. तिथल्या वूल्झी हॉलमधलं स्मारक १९१५ चं, त्यात दोन्ही बाजूंचे मृत एकत्र आहेत. प्रिन्स्टनच्या नॅसॉ हॉलमध्ये तर कोण कोणाच्या बाजूने लढला हे लिहिलेलंच नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार उदार वाटलं होतं. मरणानंतर कसलं वैर, असं आपल्याकडेही म्हणतातच.

पण सालं बघा. मेमोरियल हॉलचा निर्णय १८६५ नंतर लगेच झाला, थडग्यांवरची माती ओली असताना. युद्ध कशासाठी झालं हे तेव्हा कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. १९१५ पर्यंत पन्नास वर्षं गेली होती. १९१३ मध्ये गेटिसबर्गला दोन्ही बाजूंचे म्हातारे सैनिक जमले, भिंतीवरून एकमेकांचे हात हातात घेतले, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी भाषण केलं, फोटो निघाले. त्याच वर्षी त्याच विल्सन यांच्या सरकारी खात्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली होती. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या गोऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली ती गुलामगिरी हा शब्द मध्ये न आणता. म्हणून मला आता हार्वर्डची कोती भिंत येलच्या मोठ्या मनाच्या भिंतीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. तुम्हाला तसं वाटेलच असं नाही. माझ्या प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीला, तिचं माहेर दक्षिणेतलं, तसं वाटत नाही, आणि तिच्याशी वाद घालताना मला प्रत्येक वेळी थोडं अपुरं पडल्यासारखं होतं.

त्या १३६ मधलं एक नाव मात्र बाबांना सांगायचं होतं म्हणून मी शोधून ठेवलं होतं. रॉबर्ट गूल्ड शॉ. बॉस्टनच्या श्रीमंत, गुलामगिरीविरोधी घरातला मुलगा, हार्वर्ड अर्धवट सोडलेला. चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स ही काळ्या सैनिकांची पलटण, तिचा हा गोरा कर्नल. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅगनरवरच्या हल्ल्यात पंचविसाव्या वर्षी मेला. शत्रूने त्याला अपमान म्हणून त्याच्या काळ्या शिपायांसोबत एकाच खड्ड्यात पुरलं. पुढे प्रेत काढून आणण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्याच्या वडिलांनी नको म्हटलं; आपल्या माणसांबरोबर तो आहे, याहून योग्य जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. या पलटणीने आणखी एक लढाई दिली, तीही सांगायला हवी. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १० आणि त्यातले ३ कपड्यांचे कापून. चोपन्नाव्या पलटणीने कमी पगार घ्यायलाच नकार दिला. घरी बायकामुलं उपाशी, तरी महिनोन् महिने एक पैसा घेतला नाही, शेवटी १८६४ मध्ये संसदेला समान पगार मान्य करावा लागला.

शॉचं नाव इथे संगमरवरात आहे. त्या खड्ड्यात त्याच्याबरोबर असलेल्यांचं नाही, कारण ते हार्वर्डचे नव्हते. बॉस्टन कॉमनवर, स्टेट हाउससमोर, याच पलटणीचं ब्राँझचं शिल्प आहे, ऑगस्टस सेंट-गॉडन्सचं. घोड्यावर शॉ, मागेपुढे चालणारे शिपाई. प्रत्येक शिपायाचा चेहरा वेगळा, म्हातारा, पोरगेला, दाढीवाला, खरी माणसं समोर बसवून घडवलेले. १८९७ मध्ये अनावरण झालं. मेलेल्या काळ्या शिपायांची नावं दगडावर आली १९८२ मध्ये. चेहरे होते, नावं यायला ८५ वर्षं लागली.

तिथून आम्ही आवारात परतलो, मेमोरियल चर्चमध्ये. पांढऱ्या सुळक्याचं हे चर्च ११ नोव्हेंबर १९३२ रोजी, पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीच्या दिवशी, समर्पित झालं. (समोरचं वायडनर वाचनालय हेही एक स्मारकच, टायटॅनिकवर बुडालेल्या मुलासाठी आईने बांधलेलं. म्हणजे तुमचे पाहुणे ज्या पायऱ्यांवर सँडविच खातात, त्या पायऱ्या एका स्मारकाच्या आणि तोंड दुसऱ्या स्मारकाकडे.) चर्चच्या एका दालनात पहिल्या महायुद्धातली ३७३ नावं आहेत. मध्यभागी माल्विना हॉफमनने घडवलेलं शिल्प, एका स्त्रीच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेला मृत योद्धा.

या जागी आधी जुनं अ‍ॅपल्टन चॅपल होतं. पहिलं महायुद्ध संपायच्या सुमाराला, १९१८ मध्ये, धर्मानंद कोसंबी ‘विसुद्धिमग्गा’च्या कामासाठी पुन्हा हार्वर्डला आले तेव्हा माणिक आणि दामोदर ही मुलं त्यांच्यासोबत होती. दामोदर पुढे इथूनच १९२९ मध्ये पदवीधर झाला, चर्च उभं राहायच्या तीन वर्षं आधी. गोव्याच्या त्या बापलेकांची पावलं या हिरवळीवरून गेली असणार, हे बाबांना सांगितल्यावर ते जरा सैलावले. तोवर त्यांना हे सगळं फार परकं वाटत होतं.

मग मी त्यांना भिंतीवरची लॅटिन पाटी दाखवली. तीवर चार जर्मन नावं आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढून मेलेले हार्वर्डचे विद्यार्थी. आपली जी मुलं विरुद्ध निशाणांखाली आपापल्या देशासाठी मेली त्यांना विद्यापीठ विसरलेलं नाही, असा त्या मजकुराचा आशय. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या भिंतीवर जवळजवळ सातशे नावांच्या गर्दीत, जिथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा थोरला भाऊ जोसेफही आहे, तिथे आडोल्फ सॅनवाल्ड हे एक नाव आहे. १९२४-२५ मध्ये इथे धर्मशास्त्र शिकून गेलेला जर्मन पाद्री. नाझींच्या विरोधात लिहिणारा. त्याला सक्तीने सैन्यात घेतलं आणि १९४३ मध्ये रशियाच्या आघाडीवर तो मेला. त्याच्या नावापुढे कोरलं आहे की हा शत्रुपक्षाचा मृत.

बाबा गप्प झाले. मास्तर लोक गप्प झाले की पुढे प्रश्न येतो. "म्हणजे जर्मनाचं नाव आहे, आणि याच देशातल्या दक्षिणेकडच्या पोराचं नाही?"

मी जे उत्तर दिलं ते तुम्हालाही सांगते. जर्मन परका होता. तो त्याच्या देशासाठी लढला, युद्ध संपलं, तो प्रश्न संपला. त्याचं नाव लिहिल्याने इथल्या कोणाचं काही जात नव्हतं. शिवाय १९३२ पर्यंत पहिलं महायुद्ध हा व्यर्थ संहार होता असं पुष्कळांना वाटू लागलं होतं. दक्षिणेचा प्रश्न संपलेलाच नव्हता. ज्यांना गुलाम म्हणून ठेवण्यासाठी ते युद्ध झालं, त्यांची पणतवंडं इथे वर्गात बसत होती. परक्या शत्रूला माफ करणं सोपं असतं, हे बाबांना पटलं. भावकीतल्या वादांचा त्यांना अनुभव आहे.

चर्चमधून निघताना दोन गोष्टी भरभर सांगितल्या. पहिल्या महायुद्धात मेलेल्या रॅडक्लिफच्या, म्हणजे हार्वर्डच्या जोडीच्या मुलींच्या कॉलेजच्या, तीन स्त्रियांची पाटी इथे लागली ती २००१ मध्ये. त्यातली रूथ होल्डन ही वनस्पतिशास्त्रज्ञ. रुग्णसेवेसाठी रशियात गेली आणि १९१७ मध्ये मॉस्कोत मेली. तिचं संशोधन जीवाश्म वनस्पतींवर होतं. का कोण जाणे, त्या भिंतीवरच्या सगळ्यांमध्ये मला तीच ओळखीची वाटते. आणि आवाराच्या कडेला वॉड्सवर्थ हाउस या पिवळ्या लाकडी घरावर २०१६ साली लागलेली पाटी: टायटस, व्हीनस, बिल्हा, जुबा. अठराव्या शतकात हार्वर्डच्या दोन अध्यक्षांच्या घरी याच वास्तूत राबलेले चार गुलाम. आडनावं नाहीत. युद्धाशी संबंध नाही म्हणाल, पण मेमोरियल हॉलमधल्या १३६ जणांशी त्यांचा संबंध आहेच. त्या वेळच्या अध्यक्ष ड्रू फाउस्ट यांनी आणि जॉन लुइस यांनी त्या पाटीचं अनावरण केलं. फाउस्ट स्वतः यादवी युद्धातल्या मृतांच्या इतिहासकार.

परत येताना मेट्रोत बाबा म्हणाले, "आपल्या चावडीच्या भिंतीवर पण पाटी आहे. बघितलीस का कधी?"

बघितली होती. तुमचं गाव सातारा, सांगली किंवा रत्नागिरीकडचं असेल तर तुम्हीही बघितली असेल. इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धानंतर पलटणींना माणसं पुरवणाऱ्या गावांत बसवलेली छोटी संगमरवरी पाटी. मजकूर साचेबंद: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. आमच्या पाटीवर गेलेल्यांचा आकडा दोन अंकी आहे, परत न आलेल्यांचा एक अंकी. नाव एकही नाही. वर चुन्याचे इतके थर बसलेत की आकडाही बोटाने चाचपून वाचावा लागतो. पलीकडे मारुतीच्या देवळाशेजारी दोन वीरगळ आहेत, खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा, त्यावर पिंडीपुढे हात जोडलेला वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. त्यांवरही नाव नाही. पण वीरगळाला पाडव्याला कोणीतरी शेंदूर लावतं. पाटीला कोणी लावत नाही.

त्या एक अंकी आकड्यात आमच्या घरातला एक आहे. माझ्या पणजोबांचा थोरला भाऊ. घरात त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे, "थोरलं आबा बसऱ्याला गेलं ते गेलंच." बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचं इराक. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून तिथे गेल्या आणि डिसेंबर १९१५ पासून कूट-अल-अमारा या गावात वेढल्या गेल्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सगळ्या फौजेने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यातली हजारो वाळवंटातल्या चालीत आणि छावण्यांत मेली. आमचे आबा कूटमध्ये होते, की आधीच कुठे पडले, की नुसते तापाने गेले, कोणाला माहीत नाही.

त्या रात्री मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी उघडल्या. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं तत्त्व असं की मेल्यानंतर साहेब आणि शिपाई सारखे, दगड एकाच मापाचा. फ्रान्समध्ये न्यव-शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावं खरोखर कोरलेली आहेत. पण बसऱ्याच्या स्मारकावर, १९२९ चं, चाळीस हजारांवर मृतांचं, तिथे गोऱ्या शिपायांची नावं आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. चावडीवरच्या पाटीसारखाच. युरोपात, जिथे युरोपातली माणसं बघायला येणार, तिथे नाव. दूर वाळवंटात आकडा. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्याच अहवालात हे मान्य केलं आणि माफी मागितली: आशिया-आफ्रिकेतल्या निदान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी स्मृती ठेवलीच नाही, कदाचित याहून बरीच जास्त.

पण कागदावरच्या याद्यांमध्ये शिपायांची नावं होती आणि त्या आता संगणकावर शोधता येतात. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. आमचं आडनाव घातलं तर शेकड्यांनी माणसं आली. सातारा लिहिलेलीही बरीच. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू येईल तशी लिहिलेली गावं, त्यातली दोन-तीन आमच्या गावाच्या जवळपास जाणारी. मी पुढे जाऊ शकले नाही, कारण मला कोणाला शोधायचं हेच माहीत नव्हतं. बाहेरच्या खोलीत झोपलेल्या बाबांना उठवून विचारलं, "थोरल्या आबांचं नाव काय होतं?"

बाबा उठून बसले. चष्मा लावला, जसं काही नाव समोर लिहिलेलं आहे. बराच वेळाने म्हणाले, "नाव कोण घ्यायचं घरात त्यांचं? आबाच म्हणायचे सगळे."

इथे रात्र, म्हणजे तिकडे सकाळ. आत्याला फोन लावला. ती घरात सगळ्यांत मोठी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिलाही नाव आठवेना. तिला आठवलं ते असं की थोरल्या आबांच्या बायकोला महिन्याला काही रुपये यायचे आणि ते आणायला तिला तालुक्याला जावं लागायचं, अंगठा द्यायला. त्या बाईचं नाव आत्याला माहीत होतं. मी ते लिहून घेतलं.

"कागदावर नसेल गं," आत्या म्हणाली. "हेळव्याला विचार."

हेळवी माहीत नसतील तर सांगते. आमच्याकडे बैल घेऊन गावोगाव फिरणारे, घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक. सुगी झाली की येतात, ओसरीवर बसतात, सात-आठ पिढ्या घडाघडा म्हणतात, धान्य घेतात आणि या वर्षी जन्मलेल्यांची नावं टिपून जातात. लहानपणी मला ते कंटाळवाणं वाटायचं. हल्ली तरुण हेळवी मोटारसायकलवर येतो, असं आत्या म्हणाली, पण बापाच्या वह्या त्याच्याकडे आहेत. गेल्या साली तो आला नव्हता.

बाबा डिसेंबरात परत गेले. जाताना त्यांनी माझ्याकडून मेमोरियल हॉलच्या फलकांचे फोटो मागून घेतले, सगळ्या २८ चे. गावी पोचल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते चावडीवरच्या पाटीचा चुना ओल्या फडक्याने काढण्याचं. तिचा फोटो मला पाठवला आहे. आकडा आता स्पष्ट वाचता येतो. हेळवी अजून आलेला नाही.